कच्चा चीक

माळावरच्या ऊसतोड टोळीच्या तळावर चीक नाकारणारं एकही लेकरू नव्हतं, आणि शालन मगदूम यांना या गोष्टीचा भारी तोरा होता. पुलाजवळच्या तळावर केंद्राची शिकलेली मुलं रोज सकाळी पोरांच्या मिनतवाऱ्या करत. तरी तिथं चार-पाच जण थुंकून टाकत, एखादा उसाच्या फडात पळून जाई. माळावर मात्र त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. शालनकाकींची इलेक्ट्रिक स्कूटर बांधावर दिसली की पोरं आपण होऊन रांग लावत. काकी वहीत एकेका नावापुढं ‘हो’ लिहीत आणि परतताना वाटेत भेटेल त्याला ऐकवत, "आमच्या तळावर गळती न्हाई."

हा सगळा खटाटोप त्यांच्या लेकीचा, आसावरीचा. ती जंतुशास्त्रज्ञ. नऊ वर्षांपूर्वी मोठ्या शहरातली बरी नोकरी सोडून कुरणवाडीला परत आली आणि गावाच्या दूध संस्थेच्या मागच्या दोन खोल्यांत तिनं ‘चीक केंद्र’ थाटलं. तेव्हा गावानं तिला वेड्यात काढलं होतं. जुलाबाचा आणि म्हशीचा काय संबंध, असं दूध घालायला आलेल्या बायकांनीही तोंडावर विचारलं होतं.

संबंध होता. गेल्या पंधरा वर्षांत जुलाबावरची औषधं एकेक करून निकामी झाली होती. जंतू त्यांना सरावले होते. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून टोळ्या येत, कालव्याकाठी कोप्या बांधून राहत, आणि कालव्याचंच पाणी पीत. दर वर्षी त्यांची लेकरं हगवणीनं आडवी होत. सलाइननं बहुतेक वाचत, सगळी नाही. आसावरीनं दुसऱ्या टोकाकडून विचार केला. या जंतूच्या अंगावर बारीक केस असतात. त्या केसांनी तो आतड्याची भिंत पकडतो, तिथं ठाण मांडतो आणि मग विष सोडतो. त्याला मारत बसण्यापेक्षा भिंत पकडूच दिली नाही तर? पकडता आलं नाही की तो आल्या वाटेनं निघून जाईल.

जंतूचे केस असे जखडून टाकणारी वस्तू शरीर स्वतःच बनवतं. तिला प्रतिपिंड म्हणतात. ज्या जंतूसाठी बनलं, त्यालाच ते नेमकं बिलगतं. आणि प्रतिपिंडांचा सगळ्यांत मोठा साठा कुठं सापडतो, तर नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या दुधात. रेडकू जन्मतं ते कोऱ्या अंगानं. आईच्या पोटात असताना त्याला एकही प्रतिपिंड मिळत नाही, म्हणून म्हैस वेण्याच्या तोंडावर ती सगळी कासेत भरून ठेवते. आसावरी गाभण म्हशींना दोन महिने आधी कालव्यातल्या त्याच जंतूंची, पण मेलेल्या, लस टोचायची. म्हैस व्याली की आधी रेडकाला पोटभर पाजायचं, ही गावातल्या बायकांची अट. उरलेला चीक केंद्रात यायचा, तासभर साठ अंशांवर धरला जायचा म्हणजे त्यातले इतर जंतू मरत, आणि थंड पेटीतून तळांवर जायचा. रोज एका लेकराला एक छोटी बाटली. जोवर रोज पोटात जातोय तोवर पहारा. थांबला की पहाराही उठला.

एवढं सगळं शालनकाकींना पाठ होतं. गावच्या सभेत त्यांनीच ते बायकांना समजावून सांगितलं होतं, आणि लेकीपेक्षा बरं सांगितलं होतं. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आपण रोज पहाटे काय करतोय.

त्या पहाटे खरवस करत होत्या.

पहिल्या दिवशी त्या बाटल्या घेऊन माळावर गेल्या, तेव्हा रुक्मिण सांगळे या टोळीतल्या तरण्या बाईनं आपली दोन वर्षांची कार्तिकी पदराखाली घेतली होती. "कच्चा चीक हाय ह्यो, काकी? लेकराला बाधतोय. ह्यानंच तर ढाळ लागत्याल." बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या. शालनकाकी वाद घालणार होत्या, पण घालणार कशाच्या जोरावर? त्यांच्याही घरात कच्चा चीक कधी कुणी लेकराच्या तोंडाला लावला नव्हता. वास उग्र, चव खारट. शिवाय कुणाच्या पोराला खरंच बाधला तर नाव जाईल आसावरीचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटे उठून सगळ्या बाटल्या पातेल्यात ओतल्या, गूळ किसून घातला, वेलदोडा, किंचित जायफळ, आणि वाफेवर ठेवलं. बाटलीवर ‘उकळू नये’ असं छापलं होतं. त्यांनी उकळलं नव्हतंच. वाफ दिली होती. त्रेचाळीस वड्या पाडल्या, सारख्या मापाच्या, म्हणजे एकाही लेकराचा वाटा कमी पडायला नको. पोरांनी बोटं चाटली. रुक्मिण तर म्हणाली, "अशी वडी मह्या लग्नातबी न्हवती."

पाच आठवड्यांनी आकडे आले तेव्हा आसावरीचा चेहरा उतरला. पुलाच्या तळावर चाळीस लेकरांत चार जणांना जुलाब झाले होते. मागच्या हंगामात तिथं तीस जण आजारी पडले होते. आसावरी नाचायचीच बाकी होती. पण माळावर त्रेचाळिसांत एकोणतीस. म्हणजे चीक दिला काय न दिला काय. आणि माळावरची हजेरी तर शंभर टक्के.

"तिथला जंतू वेगळा असणार," आसावरी म्हणाली आणि कामाला लागली. माळावरच्या आजारी लेकरांचे नमुने तिनं तीनदा तपासले. जंतू तोच निघाला. तिनं पाणी तपासलं, म्हशींच्या नोंदी तपासल्या, थंड पेट्यांची तापमानं तपासली. काही सापडेना. गुरुवारी पुण्याहून समिती येणार होती, आणि दोन्ही तळांची सरासरी काढली तर केंद्र बंद करा म्हणण्याइतका आकडा वाईट होता. त्यातच सोमवारी कार्तिकीला ढाळ लागले. तालुक्याच्या दवाखान्यात तिला सलाइन लावली. रुक्मिण कोयता टाकून तिच्या उशाशी बसून राहिली.

शालनकाकींना हे सहन होईना. मंगळवारी दुपारी त्या डबा घेऊन केंद्रात गेल्या. लेकीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आसावरी टेबलाशी उभी होती. केंद्रातल्याच तापवण्यात काही चुकतंय का ते तपासायला समोर काचेच्या नळ्यांची रांग, प्रत्येकीत चीक, प्रत्येक वेगळ्या तापमानाला तापवलेली. साठची पातळ होती, पासष्टचीही. पुढं पुढं दाट होत गेलेल्या. शेवटची, ऐंशीची, आसावरीनं उलटी केली तरी आतला चीक पडला नाही.

"ह्येचा तर खरवस झाला," शालनकाकी सहज म्हणाल्या.

"झाला." आसावरीनं नळी ठेवली. "आणि यात आता एकही प्रतिपिंड कामाचं राहिलं नाही. प्रतिपिंड म्हणजे प्रथिन, आई. लांब दोऱ्याची एक विशिष्ट घडी असते. त्या घडीनंच ते जंतूला बिलगतं. उष्णतेनं घडी विस्कटते आणि सगळे दोरे एकमेकांत गुंततात. खरवस घट्ट होतो तो त्यामुळंच. साध्या दुधाचा होत नाही, कारण साध्या दुधात ती एवढी नसतातच."

"म्हंजे जेवढा घट्ट..."

"तेवढी जास्त मेलेली. अगदी बरोबर. जेवतेस का माझ्याबरोबर?"

शालनकाकी जेवल्या नाहीत. डबा तिथंच ठेवून त्या स्कूटरवरून घरी निघाल्या. आपला खरवस सुरीला न चिकटता कापला जातो, याचं त्यांना चाळीस वर्षं कौतुक ऐकायची सवय होती. पाच आठवडे रोज त्रेचाळीस वड्या. एकोणतीस लेकरं. सलाइनची नळी लावलेला कार्तिकीचा हात त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. आणि सांगितलं, तर उद्या लोक म्हणणार, शास्त्रज्ञ बाईंच्या स्वतःच्या आईनंच घाण केली. न सांगितलं तर लेकीची नऊ वर्षं गुरुवारी पाण्यात. दिवेलागणीला आसावरी घरी आली तेव्हा त्या उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"आसू, मी माळावर खरवस दिला."

"कधी?"

"पैल्या दिवशी कुणी घेतलाच न्हाई. दुसऱ्या दिवसापास्नं रोज."

आसावरीचा आवाज चढला. तिनं विचारलं की एकदा, फक्त एकदा, मला विचारावंसं वाटलं नाही का? मी आकडे आल्यापासून रात्रंदिवस त्या जंतूच्या मागं लागले होते. आसावरी आत गेली, तांब्याभर पाणी प्याली, परत आली, आणि बोलता बोलता मध्येच थांबली.

"थांब. दोन्हीकडं म्हशी त्याच."

"व्हय."

"चीक एकाच पेटीतून. पाणी एकाच कालव्याचं. लेकरं एकाच वयाची. फरक फक्त तुझ्या वाफेचा." तिनं भिंतीवरची दिनदर्शिका काढून खाली बसकण मारली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहायला लागली. "चाळिसांत चार आणि त्रेचाळिसांत एकोणतीस. सरासरी काढायचीच नाही, आई. ते दोन वेगळे प्रयोग आहेत. कच्चा चीक पहारा देतो, शिजवलेला देत नाही. हे याहून स्वच्छ मला कधीच दाखवता आलं नसतं. मी परवानगी मागितली असती तर कुणी दिली नसती."

तिच्या तोंडावर इतका आनंद शालनकाकींनी तिच्या दहावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता. त्यांनाही क्षणभर हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "आन् कार्तिकी?"

आसावरीचं पेन थांबलं.

"समितीला सांगता येईल," आसावरी हळूच म्हणाली, "की माळाचा तळ आम्ही तुलनेसाठी मुद्दाम तसा ठेवला होता. तुझं नाव येणार नाही."

"मुद्दाम? लेकरांना मुद्दाम फसवलं म्हणायचं? ही माझी चूक हाय, ती चूकच ऱ्हाऊ दे. ते म्हटलंस तर पाप हुईल." शालनकाकी उठल्या. "गुरुवारी मी येते. मीच सांगते."

गुरुवारी त्या इस्त्रीचं लुगडं नेसून समितीपुढं बसल्या. समितीच्या प्रमुख डॉ. निलोफर मुजावर, केस पिकलेले, नजर बारीक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली.

"इथं सगळीकडं ‘हो’ लिहिलंय."

"दिलं म्हणून हो लिहिलं, मॅडम. कसं दिलं, त्याला रकाना न्हवता."

समितीतला एक जण हसला. डॉ. मुजावर हसल्या नाहीत. त्यांनी केंद्रातल्याच शेगडीवर शालनकाकींना त्यांच्या पद्धतीनं खरवस करायला लावला, डोळ्यांदेखत. तो घोटून पाण्यात कालवला आणि कामाची प्रतिपिंडं असली की जांभळी होणाऱ्या तपासणीच्या पट्टीवर थेंब टाकला. पट्टी कोरी राहिली. शेजारी कच्च्या चिकाची पट्टी दहा मिनिटांत जांभळी झाली. खोलीतली सगळीच माणसं पुढं झुकून त्या दोन पट्ट्यांकडं बघत होती.

"ही शक्यता झाली," डॉ. मुजावर म्हणाल्या. "पुरावा लेकरं देतील. माळावर उद्यापासून तीन आठवडे कच्चा चीक. तिथला आकडा पुलाच्या तळाइतका खाली आला तर केंद्र चालू राहील. नाही आला, तर नाही. आणि शालनताई, तुम्ही माळावर एकाही बाटलीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी केंद्राची मुलं माळावर गेली. पोरं रांगेत उभी राहिली, बाटलीचा वास घेतला आणि पांगली. त्रेचाळिसांतली फक्त चौदा प्याली. पाच आठवडे गोड खरवस खाल्लेल्या जिभेला आता खारट चीक कसा चालणार? आसावरी संध्याकाळी आली ती डोकं धरून. शालनकाकी विचार करत होत्या. उष्णतेनं घडी मोडते, हे त्यांना आता झोपेतही आठवत होतं.

"आसू, गारठ्यानं मोडतीय का गं घडी?"

"नाही. जास्तीचा चीक आपण बर्फ करूनच ठेवतो की." आसावरीनं मान वर केली. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"मग गारेगार कर. काडीवरचं. उन्हाचं कुठलं पोर न्हाई म्हणंल?"

तासाभरात दोघी केंद्रात होत्या. गुळाचा पाक उकळून घेतला, कारण गुळात काय असेल सांगता येत नाही. पण तो पार गार होईपर्यंत चिकाजवळ न्यायचा नाही, यावर आसावरी पहारेकऱ्यासारखी उभी. मग वेलदोडा, मग साच्यात, मग काड्या खोचून फ्रीझरमध्ये. सकाळी एक गारेगार वितळवून पट्टीवर टाकलं. पट्टी जांभळी झाली, समितीसमोरच्या इतकीच गडद. आसावरीनं आईला मिठी मारली आणि मग आठवण झाल्यासारखी रागानं बाजूला झाली. पण राग काही धड जमला नाही.

आता वाटणार कोण, हा प्रश्न उरला. एवढी लेकरं आजारी पडल्यावर बायांचा केंद्रावरचा विश्वास उडाला होता. शालनकाकींना परवानगी नव्हती. माळावर दिवसभर थांबणारी, पोरांना ओळखणारी आणि बायकांनी ऐकावं अशी बाई एकच होती.

कार्तिकी दवाखान्यातून आली होती. रुक्मिण कोपीसमोर तिला मांडीवर घेऊन भाताची पेज भरवत होती. शालनकाकी समोर मातीत बसल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. वाफ, घडी, कोरी पट्टी. पोरीकडं त्यांचा हात गेला तशी रुक्मिणनं तिला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"मह्या लेकराला चार दिस नळी लावली. म्या वाटच बघत व्हते, कवा डोळं उघडतीया." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्यावर भरवसा ठिवला म्या. उठा हितून."

"उठते. पर आधी ऐक."

"आता जे देनार त्यानं गुण येतो, कशावरून? गेल्या खेपंला बी तुमी असंच म्हनलात."

"माझ्यावर भरवसा ठेवूच नगंस," शालनकाकी म्हणाल्या. "पुलाच्या तळावर जा. तिथल्या आयांना इचार. आमचं कुणी संगं येनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रुक्मिण कार्तिकीला कडेवर घेऊन चार किलोमीटर चालत पुलाच्या तळावर गेली. तिथं तिची नणंद होती. रुक्मिणनं एकेका कोपीत शिरून विचारलं, पोरांची पोटं चाचपली, पाण्याचे हंडेही उघडून बघितले. पाणी तसंच गढूळ होतं. दुपारी ती थेट केंद्रात आली.

"तिथली लेकरं हुंदडत्यात," ती आसावरीला म्हणाली. "पानी आमच्यावानीच घान हाय. तवा गुन चिकाचाच असनार. मी वाटते. पर सांगून ठिवते, कुनी चूल पेटवली तर मी कोयता घेऊन येईन." शेवटचं वाक्य कोणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं.

पहिल्या दिवशी रुक्मिणनं आधी स्वतः एक गारेगार खाल्लं, सगळ्या आयांसमोर, काडी चाटूनपुसून. मग कार्तिकीला दिलं. मग रांग लागली. जो पुरं संपवेल त्याचीच काडी ती जमा करून घ्यायची, आणि संध्याकाळी काड्या मोजून आसावरीला द्यायची. त्रेचाळीस. वहीपेक्षा हा हिशेब पक्का होता, कारण अर्धं खाल्लेलं गारेगार तिच्या नजरेतून सुटत नसे.

पहिल्या चार दिवसांत दोन लेकरं आजारी पडली. शालनकाकींचा जीव टांगणीला लागला. पाचव्या दिवशी कुणी नाही. सहाव्या, सातव्या दिवशी कुणी नाही. आठवडा गेला. शालनकाकी रोज बांधापर्यंत जात, पलीकडं पाऊल न टाकता लांबून रुक्मिणला विचारत, आणि रुक्मिण तिथूनच नुसती मान हलवी. तेराव्या दिवशी तिनं मान हलवण्याऐवजी ओरडून सांगितलं, "कुनी न्हाई, काकी. आज बी कुनी न्हाई." त्या दिवशी शालनकाकी स्कूटर सुसाट पळवत घरी आल्या. एवढ्या जोरात ती त्यांनी कधीच चालवली नव्हती.

तीन आठवड्यांनी डॉ. मुजावर एकट्याच आल्या. माळावर त्रेचाळिसांत दोन. त्यांनी काड्यांच्या जुड्या मोजल्या, दवाखान्याच्या नोंदी पडताळल्या, चार कोप्यांत जाऊन स्वतः विचारलं. मग केंद्रात येऊन खुर्चीत टेकल्या आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसल्या. पुढच्या हंगामात सहा तालुक्यांत केंद्रं उघडायची, आणि चीक गारेगार करूनच द्यायचा, असं त्यांनी सांगून टाकलं. आसावरी डोळे पुसत होती आणि ते लपवतही नव्हती.

"एक राहिलं," डॉ. मुजावर अहवाल चाळत म्हणाल्या. "इथं तुम्ही लिहिलंय, ‘एका कार्यकर्तीकडून चीक शिजवला गेला.’ नाव नाही."

आसावरीनं आईकडं पाहिलं नाही. "नाव गरजेचं नाही, मॅडम."

"गरजेचं हाय," शालनकाकी म्हणाल्या. "सहा तालुक्यांत माझ्यासारख्या किती बाया असतील. कार्यकर्ती म्हटलं की त्यांना वाटंल दुसरीच कुणी येडी. शालन मगदूम, खरवस चांगला करनारी बाई, हिनं केलं, असं लिहा. मग वाचून थांबतील."

डॉ. मुजावर यांनी पेन उघडलं. दारात रुक्मिण उभी होती. तिची टोळी दुपारी परत निघणार होती, आणि ती काड्यांची शेवटची जुडी द्यायला आली होती.

"लिवायलाच लागलाव तर महं बी लिवा," ती म्हणाली. "चूक कुनी केली ते लिवता, मग निस्तरली कुनी ते बी लिवा. रुक्मिण सांगळे."

"सही कराल?"

रुक्मिणनं इकडंतिकडं पाहिलं. मग कार्तिकीला शालनकाकींच्या कडेवर दिलं आणि सही करायला वाकली.